सरकारांची अत्तरदाणी आणि दोन डिटेक्टर

रुची, तू आधी फक्त ऐक, मधे बोलू नको. आपली श्रिया नाही का, सिमरोलला कॉलेजच्या हॉस्टेलवर राहून मटेरियल्समध्ये बीटेक केलेली, ती तीन महिन्यांपूर्वी सांवेर रोडच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली. कारखाना कसला, तर अ‍ॅल्युमिनियमचं भंगार घ्यायचं, वितळवायचं आणि मोटरसायकलचे फुटरेस्ट ओतायचे. मालक कृष्णराव. त्यांचे पणजोबा संस्थानात सरदार होते, म्हणून हे अजून सरदार. तिथले लोक त्यांना सर नाही म्हणत, 'सरकार' म्हणतात. मतलब, चौदा माणसं, एक भट्टी, आणि सरकार.

तर गेल्या महिन्यात फुटरेस्टचा अख्खा लॉट परत आला. पायाने जोर दिला की कडकन तुटत होते. भट्टीत चुकीचं भंगार गेलेलं. ढिगात दोन जातींचे पत्रे येतात, दिसायला जुळे भाऊ. एकात मॅग्नेशियम अडीच टक्के, तो भट्टीत गेला की माल ठिसूळ, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. नुसत्या डोळ्यांनी कोणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून ते हातातलं एक्स-रे मशीन घ्यायचं ठरलं. हेअर ड्रायरसारखं असतं, धातूला टेकवून खटका दाबायचा, स्क्रीनवर येतं की यात काय किती टक्के आहे. कोणतं मशीन घ्यायचं ते श्रियाने लिहायचं आणि खाली सही करायची. पुढे प्रत्येक लॉटवर पण तिचीच सही. अजून प्रोबेशनवर आहे पोरगी.

मशीनच्या कंपनीकडून समीर नावाचा एक जण दोन मशीनं घेऊन आला. एकात साधा सिलिकॉन पिन डिटेक्टर, म्हणजे सिग्नल टिपणारा डोळा, दुसऱ्यात ड्रिफ्ट डिटेक्टर, तो महाग. माणूस इतका सरळ की विकायला आलाय असं वाटेचना. म्हणाला, "मॅडम, स्टील, तांबं, सोनं बघायचं असेल तर पिन काफी आहे. खाली-पीली जास्त खर्च करू नका. पण मॅग्नेशियम हलकं, त्याचा सिग्नल एवढा मरतुकडा की पिनला दिसतच नाही. तुम्हाला ड्रिफ्टच लागेल."

श्रियाने दोन्ही पत्रे ठेवले. ड्रिफ्टने आरामात वेगळे काढून दाखवले. पिनला दोन्ही सारखेच, मॅग्नेशियमचा रकाना कोरा. झालं ना, विषय संपला. इथे कोणतीही शहाणी माणसं चहा पिऊन उठली असती.

पण सरकार आले. हातात मखमलीची थैली, मागे पुतण्या भूषण, जो तिथला मॅनेजर आहे आणि ज्याचं काम म्हणजे काका बोलले की मान हलवणं. थैलीतून निघाली अत्तरदाणी. पणजोबांना दरबारात मिळालेली, अस्सल चांदीची. सरकार म्हणाले, "पत्रे काय तपासता, खऱ्या वस्तूवर परीक्षा करा मशीनची."

समीरने जे हातात होतं ते टेकवलं. ते होतं ड्रिफ्टवालं.

"सर, बोटं जरा बाजूला घ्या, एक्स-रे आहे."

"सरदारांच्या बोटांना काय होतंय," भूषण म्हणाला. सरकारांनी बोटं मात्र गुपचूप काढली.

स्क्रीनवर आलं, तांबं साठ, जस्त वीस, निकल सतरा, चांदी तीन. ती तीनसुद्धा वरचा मुलामा. जर्मन सिल्व्हर, भांड्यांच्या दुकानात मिळतं ते. बहुतेक मधल्या पिढीतल्या कोणत्या तरी काकांनी खरी अत्तरदाणी सराफ्यात विकून ही आणून ठेवली असणार, पण हे तिथे बोलणार कोण. समीर आपल्या बुटांकडे बघून राहिला.

सरकारांनी बोटातली अंगठी काढली आणि पिनवाल्याखाली धरली. सोनं एक्क्याण्णव पॉइंट सहा. बावीस कॅरेट, बरोबर.

"हे मशीन खरं बोलतं," सरकार म्हणाले. "ते दुसरं बिघडलेलं आहे."

"वो क्या है, काका, तो डिटेक्टर जास्तच सेन्सिटिव्ह आहे," भूषण म्हणाला. "जास्त सेन्सिटिव्ह असलं की काहीही पकडतं. हवासुद्धा."

रुची, हा माणूस एमबीए आहे.

श्रिया शांतपणे म्हणाली, "सर, मग अत्तरदाणी पण याच मशीनवर बघून घेऊ ना. तांबं, निकल तर पिनला पण छान दिसतं."

सरकारांनी अत्तरदाणी थैलीत घातली आणि नाडी आवळली. "एकदा अपमान झाला तेवढा पुरे."

म्हणजे बघ, त्यांना आतून पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर दुसऱ्यांदा टेकवायला काय जात होतं.

संध्याकाळी सरकारांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. एकदम गोड आवाज. "श्रियाजी, तुम्ही म्हणता ते महागवालं घेऊ आपण. फक्त एक छोटा कागद करून द्या, लेटरहेडवर. अत्तरदाणी तपासली, शुद्ध चांदी. रविवारी महूला आमच्या घराण्याचा मेळावा आहे, तिथे वाचून दाखवायचाय. इतकंच."

इतकंच, बरं का. तपासणीवर विश्वास नाही, पण तपासणीचा कागद पाहिजे.

आणि श्रिया बसल्या बसल्या गडबडली. कारण हिशोब सरळ होता. एक खोटा कागद, महूच्या मांडवात चार म्हातारे माना डोलावतील, कोणाचं वाकडं होत नाही. बदल्यात खरं मशीन येतं, आणि कोणाच्या तरी पायाखालचा फुटरेस्ट रस्त्यावर तुटत नाही. ती म्हणते, पेन हातात घेतलं होतं. 'तपासणी अहवाल' एवढं लिहिलं पण होतं.

मग तिच्या डोक्यात आलं, आज अत्तरदाणीला चांदी लिहिलं, तर उद्या हाच माणूस चुकीच्या पत्र्यालाही 'मॅग्नेशियम नाही' लिही म्हणेल. आणि तेव्हा नाही म्हणायला तिच्याकडे तोंड काय उरणार.

"सर, लिहीन तर स्क्रीनवर होतं तेच लिहीन," ती म्हणाली.

"मग राहू द्या," सरकार म्हणाले. आवाजातला गोडवा गेला तो गेलाच.

पिनवालं मशीन आलं. भूषण भैया रोज त्याच्यावर लोकांच्या अंगठ्या तपासतो, कारखान्यात जत्रा भरते. श्रियाने शिफारशीच्या कागदावर लिहिलं, 'या मशीनला मॅग्नेशियम दिसत नाही', आणि सही केली. मग प्रत्येक लॉटवर ती एकच ओळ लिहायची, 'मॅग्नेशियम तपासलेलं नाही'. काल तिला डिस्पॅचला टाकलं, खोक्यांवर पत्ते चिकटवायला. तिच्या जागी सही आता भूषण करतो, आणि त्याच्या लॉटवर ती ओळ नसते. फुटरेस्ट चाललेत बाजारात.

ती काल रडत होती फोनवर. म्हणाली, तो एक कागद लिहून दिला असता तर आज खरं मशीन माझ्या हातात असतं. तू सांग आता, त्या खुर्चीत तू असतीस, तर लिहून दिलं असतंस का 'शुद्ध चांदी'?