पपा कधी येणार?

घोडपदेवच्या समाजमंदिरात दुपारी बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवणारी मुलगी, कादंबरी, भिंतीवर व्हेलच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा लावायची, मध्येच थांबवायची आणि विचारायची, "हे काय?" बायका एका सुरात म्हणायच्या, "वेव्ह!" त्यात सगळ्यात मोठा आवाज शेवंताचा. मासळी विकून, हात लिंबाने चोळून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

तिला इंग्रजी हवं होतं नातीसाठी. मुलगा भावेश न्यूझीलंडला बोटीवर कामाला होता. गेल्या वर्षी तिथेच अपघातात गेला. सून शेफाली तिकडेच राहिली, आणि लहानग्या मधुराला मराठी येत नव्हतं.

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून फोन सोमवारी. मधुरा तोच व्हेलच्या पिल्लाचा सिनेमा लावून फोन टीव्हीसमोर धरायची. "आजी, व्हॉट इज धिस?"

"टेल!"

पोरगी टाळ्या पिटायची. तेवढ्यावर शेवंताचा आठवडा निघायचा.

एका सोमवारी सिनेमा संपला. हरवलेला बाप पिल्लाकडे परत आला. मधुरा म्हणाली, "आजी, व्हेन विल पपा कम बॅक?"

शेवंताला शब्दन् शब्द कळला. दिवाळीआधी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, विचारलं असतं, तर नुसती हसून मान डोलावली असती. आता ते जमेना. तिने फोन बंद केला.

दुपारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "बाय, 'मेला' याला इंग्रजीत काय म्हणतात?"

कादंबरी चपापली. "पास्ड अवे म्हणा, मावशी. बरं वाटतं ऐकायला."

"अवे म्हंजे लांब ना गो? लांब गेलेल्याची पोर वाट बघत बसंल. दुसरा सांग."

कादंबरीने खाली बघत सांगितलं. शेवंता तो शब्द पुटपुटली, मोठ्याने म्हणाली नाही.

मग तिने शेफालीला फोन केला. मधुराचा प्रश्न सांगितला. शेफाली म्हणाली, "आई, मी तिला सांगितलंय की पपा बोटीवर आहेत. मला नाही जमलं हो."

"तुझ्या एकटीच्यानं नाही जमायचं. आपण दोघी सांगू."

पुढच्या सोमवारी शेफाली लेकीला मांडीवर घेऊन बसली. शेवंताने फोन दोन्ही हातांनी धरला. "पपा डाइड, बाळा. नो कम बॅक. आजी सॅड. मम्मा सॅड."

मधुराने आईकडे पाहिलं. शेफालीने आजवर लेकीसमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता तिला हुंदका आवरेना. पोरगी तिला बिलगली आणि रडत रडत भराभर बोलू लागली. त्या बोलण्यातलं शेवंताला एक अक्षर कळलं नाही. ती पदराने डोळे पुसत नुसती म्हणत राहिली, "हो गो बाय, हो."