अजून वेळ आहे

“अगं, पाणी आत्ता कुठे पिवळ्या पट्ट्याला लागलंय. स्वयंपाक उरक, दोन घास खा, मग नीघ,” पुलावरचा पहारेकरी फोनवर बहिणीला म्हणाला.

“दादा, गिऱ्हाइकांचे कपडे आधी माळ्यावर टाकते. भिजले तर बायका माझीच शिलाई उसवतील.”

“टाक की सावकाश. पाणी काय तुझ्या दाराशी टपून बसलंय?”

दोघंही हसली. पुलाच्या खांबावरच्या पट्ट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि खालच्या वस्तीला कळवायचं, हीच त्याची जन्मभराची नोकरी. त्याचा फोन आला की एकटी राहणारी बहीण आवरायला घ्यायची, शिवणयंत्र टेबलावर चढवायची आणि त्याच्याकडे मुक्कामाला यायची. तोवर अंधार पडायचा, तरी पाणी तिच्या गल्लीत पोचलेलं नसायचं. वाटेत शेतं होती, बागा होत्या, दलदल होती. पाणी सगळ्यांचा पाहुणचार घेत रमतगमत जायचं.

मग शेतांवर गोदामं उठली, दलदलीत भराव पडला, वर काँक्रीट आलं. पहारेकरी रोज तिथूनच सायकलवरून जायचा. चिखल तुडवणं सुटलं म्हणून बिचारा खूश होता. पाण्याला आता थांबायला, मुरायला जागाच उरली नाही, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशीही त्याने फोनवर ‘अजून वेळ आहे’ असंच सांगितलं, आणि पाणी भर दुपारीच गल्लीत शिरलं.

ओसरल्यावर बहीण गल्लीच्या टोकाला सापडली. तिचं क्रियाकर्म उरकून तो तिच्या घरातला गाळ काढायला गेला. समोरची नवी भाडेकरीण भिजलेली गादी उन्हात टाकत होती.

“हाताला धरून ओढत होते हो मी त्यांना,” ती आपणहून सांगू लागली. “गटारं उसळताना दिसत होती. पण त्यांचा एकच धोशा, दादाचा शब्द आहे, अजून वेळ आहे. कोण हा दादा, देव जाणे!”

लांबचा नातलग आहे, असं म्हणून सुटता आलं असतं.

“मीच,” तो म्हणाला. “मीच तिचा दादा.”

बाईच्या हातातली गादी तशीच राहिली. मग तिने गाळाने भरलेली एक खुर्ची ओढली, पाणी मारून हातानेच धुतली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“बसा.”

त्याने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि तो उभाच राहिला.