बाबांच्या अंगणात उघडणारे डोळे

बाबांनी कोंबडी दोन्ही हातांनी उंच धरली आणि गर्दी अवाक झाली. परवापर्यंत जिच्या पापण्या सुजून चिकटल्या होत्या, ती टकामका बघत होती. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. कोंबडी बाबांच्या दाढीत दाणे शोधू लागली. त्या गर्दीत पुराव्याशिवाय विश्वास न ठेवणारी ती एकटीच.

"औषध नाही, सुई नाही!" बाबा गरजले. "माझ्या अंगणात नुसती वावरली! या जागेत कुणाची वाईट नजर टिकतच नाही!"

कोंबडी माझ्या शेजारच्या काकूंची. ती घरी आणल्यावर बाबांच्या सांगण्यावरून त्यांनी खुराड्याची जाळी गोणपाटाने गच्च बुजवली, कारण नजर म्हणे फटीतून शिरते. आतला जुना, ओला भुसा काढायचा नाही, कारण त्याबरोबर बरकत जाते. थोड्याच दिवसांत त्या कोंबडीचे डोळे पुन्हा गळू लागले आणि बाकीच्या कोंबड्यांचेही. एखाद्या डॉक्टरची पत इथेच संपली असती. बाबांची वाढली.

"माझ्याकडे बरी, तुमच्याकडे आजारी! म्हणजे नजर लावणारं माणूस घरातच आहे. बाहेरून आलेलं. रविवारी येऊन नाव सांगतो."

घरात बाहेरून आलेली एकच, सून.

"बाबांनी तुझं नाव घेतलं, तर गुपचूप माहेरी जायचं," काकूंनी तिला बजावलं. काकूंचा मुलगा जेवत होता. तो जेवतच राहिला.

सुनेने रडण्यात वेळ घालवला नाही. तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. रविवारी बाबा आले तेव्हा त्या खुराड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"काय हो बाबा, तुम्हाला नजर बाधते का?"

"मला? नजर लावणाराच भस्म होईल, बाई!"

"मग आत डोकं घालून जरा कोंबड्यांना आशीर्वाद द्या की. सावकाश."

सगळी गल्ली बघत होती. नाही कसं म्हणणार? बाबा खांद्यापर्यंत आत शिरले. मंत्र सुरू झाला, त्याचा खोकला झाला आणि बाबा मागच्या मागे बाहेर आले. डोळे लालबुंद, नाकातून धार.

"अगंबाई! बाबांना कुणाची लागली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सून तर माझ्या पाठीशी उभी आहे."

कोणीतरी फिसकन हसलं.

"ओल्या भुशात कोंबड्यांची शीट कुजली की अमोनिया वायू सुटतो. जाळी बुजवली की तो आतच कोंडतो आणि डोळे जाळतो. बाबांच्या अंगणात मोकळी हवा आहे, चमत्कार एवढाच. गोणपाट काढा, भुसा बदला. डोळे कशाने धुवायचे ते मी दाखवते. पू आला किंवा कोंबडी शिंकू लागली, तर तिला वेगळी ठेवून मला बोलवा."

"ही भक्तांची परीक्षा होती," असं पुटपुटत बाबा फाटकाकडे सरकले. काकू गोणपाट सोडू लागल्या.

"आई," सून म्हणाली, "मी नजर लावली होती का?"

"नाही गं," काकू गोणपाटाला म्हणाल्या.

"मला ऐकू आलं. गल्लीला नाही आलं."

"नाही लावली!" काकू ओरडल्या. मुलगा घाईघाईने फावडं शोधायला गेला.

मंडळी, कोंबडीला तक्रार करता येत नाही. आपल्याला नाक आहे, डोकं आहे. घरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी खुराड्यात एकदा स्वतः वाकून बघा. डोळ्यांत पाणी येईल, पण दिसेल स्वच्छ.