देवजी पाटलाचा जबाब

बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर टोकावड्याच्या रस्त्यावर तारायंत्राच्या तारा तुटल्या. कोणी तोडल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी मुरबाडहून फौजदार आला तो नाव ठरवूनच. राघो.

रानाचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराचं गवत फुकट कापायचं नाही, एवढंच राघो दोन वर्षं पाड्यापाड्यांवर सांगत होता. काठी उगारायची नाही, शिवी द्यायची नाही. विळा आढ्याला खोचून घरी बसायचं. त्या बसण्यानं आदल्या साली ठेकेदाराचं अर्धं रान उभ्यानं वाळलं होतं.

देवजी गावचा पोलीसपाटील. वेठीला, म्हणजे असल्या फुकट कामाला, माणसं धाडायचं काम त्याचंच, म्हणून राघोचा त्याला जाच होता. चारचौघांत दोनदा देवजीनं राघोला झापलंही होतं. पण तारा तुटल्या त्या दिवशी राघो उजाडल्यापासून देवजीच्याच गोठ्यात होता. बैलाचा खुबा निखळला होता, आणि हाड बसवणारा पंचक्रोशीत तोच एक.

फौजदारानं ओट्यावर बसून कागद पुढे सरकवला. राघोनं लोकांना चिथावून तारा तोडवल्या, असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. पाटलानं नुसती सही करायची.

देवजीनं कागद हातात घेतला. सही केली तर पाटीलकी शाबूत, ठेकेदार खूश, गावातली कटकटही मिटणार. दारात बायको सुंदरा उभी होती. ती आत गेली नाही.

"साहेब," देवजी म्हणाला, "राघो त्या दिशी माज्याकडं व्हता. मी खोटं नाय लिवून देनार."

फौजदार चिडेल असं त्याला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं कोरा कागद घेतला आणि शांतपणे विचारू लागला. राघो कधी आला, सोबत कोण होतं, याआधी कधी आला होता का? देवजीला हायसं वाटलं. तो मोकळेपणानं सांगत गेला. बैल धरायला काळूराम आणि मंगळू आले होते, हेही त्यानं आपणहून सांगितलं.

मग फौजदारानं लिहिलेलं वाचून दाखवलं. राघो याचे माझे घरी येणे-जाणे आहे. सदर दिवशी तो, काळूराम व मंगळू माझे घरी जमले होते.

"साहेब, बैलाचं ऱ्हायलं."

"बैलाचं काय करायचंय? हा लढाईचा कायदा आहे, पाटील. यात कोर्ट नाही, वकील नाही. सरकारला संशय आला की पुरे."

देवजीनं कागद स्वतः वाचला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. नाही म्हणायचं तरी कशाला म्हणायचं? त्यानं सही केली.

जबाबानंतर चौथ्या दिवशी तिघांना शेतातून उचललं. राघो जाताना लोकांना एवढंच म्हणाला की कोणी दगड उचलू नका. काळूरामची बायको रंभा पाटलाच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली, आणि देवजीला तिच्याकडे मान वर करून बघवेना. तो शहापूरला वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, "खटलाच नाही, तर मी उभा कुठं राहू?"

पौषात शिपाई आला. साहेबांनी बोलावलंय म्हणाला, आणि खालच्या आवाजात पुढं बोलला, "पाटील, घोंगडी बरोबर घ्या."

तिघं जमले ते घर कोणाचं, हे देवजीनं स्वतःच लिहून दिलेलं होतं.

तुरुंगात तो राघोच्याच बराकीत आला. राघोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरं बोललास, पाटला. आता मातुर कायच बोलू नको."

दर महिन्याला एक अंमलदार येई. आणखी दोन नावं सांग आणि घरी जा, म्हणे. देवजी तोंड मिटून बसे. असे बावीस महिने गेले. ना आरोप वाचला, ना कोणी न्यायाधीश दिसला.

सुटून तो गावी आला तेव्हा पाटील दुसराच होता. राघो अजून आतच होता. आणि समोरच्या रानात ठेकेदाराचं गवत माणसं खाली मान घालून फुकट कापत होती.