अकरा फुटांवर दोनशे चौदा नावं

आमच्या आईला माझी नवी नोकरी समजावून सांगताना मी तीन वेळा हरलो.

"तू तिथं कराचा काय?" तिने विचारलं.

"जे लोक काम करतात, त्यांचं काम कुठवर आलं ते विचारायचं आणि लिहून वर पाठवायचं."

"मंग वरचे काय करतात?"

"वाचतात."

"आणि काम?"

"काम खालचे करतात."

"तू त्यांना इचारत बसलास तं ते कवा करणार?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या चाळीस तासांच्या ऑनलाइन कोर्समध्ये कुठेही नव्हतं. सर्टिफिकेट मात्र झकास होतं. मी ते लॅमिनेट करून घेतलं होतं.

त्याआधी अकरा वर्षं मी डोंबिवलीत मानपाडा रोडला एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवत होतो. आमच्या आगरी लोकांची पत्रिका म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. नवरानवरीची नावं दोन ओळींत आटपतात; बाकी सगळी भावकी. कुणाच्या कृपाशीर्वादाने, कोण निमंत्रक, कोण विनीत, कोण स्नेहांकित, कोण व्यवस्थापक, आणि शेवटी पोराटोरांची 'किलबिल'. एखादा चुलता एक ओळ खाली गेला की तो हळदीला येत नाही, आणि त्याच्यामागे वीस जण येत नाहीत. अशी भांडणं मी नुसत्या जागा बदलून मिटवलेली आहेत. पण पुढे लोक मोबाइलवरच आमंत्रणं पाठवायला लागले, मालकाने एक मशीन विकलं, आणि आता दुसरी वाट धरायला हवी हे मला कळून चुकलं.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसात मुलाखत झाली. तिथल्या प्रमुख ऋजुता मॅडम. स्वच्छ मराठी, स्वच्छ टेबल. त्यांनी विचारलं, "एकाच कामात गुंतलेल्या अनेक माणसांना सांभाळण्याचा अनुभव आहे का?"

मी म्हणालो, "एका पत्रिकेत तीनशे बारा नावं बसवलीत. त्यात तीन माजी सरपंच होते आणि तिघांना वरून दुसरी जागा हवी होती."

"मग?"

"गोलात छापली मॅडम. गोलाला वर-खाली नसतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला पत्र आलं. सहा महिने कच्चा, काम पाहून पक्का.

पहिल्याच दिवशी मला एक प्रकल्प सोपवला गेला. नंबर पी-४१. पादचारी पूल, लांबी अकरा फूट, ठिकाण डोंबिवली पूर्व. ठिकाणाचा नकाशा पाहिला आणि मी खुर्चीतून उठलोच. तो आमचाच नाला होता!

आमच्या घरामागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे आमचा उरलासुरला मळा. बाकीची जमीन टॉवरखाली गेली. राहिलेल्या तुकड्यात आई भेंडी आणि वाल लावते, सकाळ-संध्याकाळ जाते. नाल्यावर विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलाय. आई डोक्यावर पाटी घेऊन त्या खांबावरून येते-जाते. गेल्या दसऱ्याला ती घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी ती पुन्हा खांबावर होती. मी ओरडलो, भांडलो, मळा विकू म्हणालो. तेव्हा ती पाटी उचलून मळ्यात निघाली, त्याच खांबावरून.

"आई, तो पूल आता माझ्या हातात आलाय," मी त्या संध्याकाळी सांगितलं.

"तुजे हातात?" तिने माझे हात पाहिले. "मंग बांध."

पी-४१ चौदा महिने पिवळा होता. आमच्याकडे प्रत्येक प्रकल्पाला रंग असतो. हिरवा म्हणजे झकास, लाल म्हणजे बोंब, आणि पिवळा म्हणजे कुणालाच काही विचारायचं नाहीये. मॅडम म्हणाल्या, "दिपेश, हा हिरवा करून दाखवा. त्याच दिवशी तुम्ही पक्के."

मी साइटवरच्या तानाजींना फोन लावला. हा माणूस मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कळव्याला, आणि तीस वर्षं साइटवर उन्हात काढलेला.

"काय अडलंय साहेब?" मी विचारलं.

"आडलंय कुठं? पुलाचे दोन लोखंडी गर्डर कोपरीच्या यार्डात पडल्यात. हायड्रा क्रेन आणली की अर्ध्या दिवसाचं काम. सात सह्या पाहिजेत, त्या येईनात."

सात सह्या का येत नाहीत, हे मी साप्ताहिक अहवाल उघडल्यावर दोन मिनिटांत ओळखलं. वरती नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती. त्यामुळे प्रफुल्ल साहेब, म्हणजे कंपनीचे उपाध्यक्ष, अगदी तळाला. त्यांच्या वर एक वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी. प्रफुल्ल साहेब सही करत नव्हते. ते करत नाहीत म्हणून त्यांच्या हाताखालचे दोघे करत नव्हते. हे दोघे करत नाहीत म्हणून बाकीचे चौघे, आपणच का पुढे व्हावं, असं म्हणून गप्प. हे मॅनेजमेंट वगैरे काही नव्हतं. हे रुसवेफुगवे होते. आणि यात माझा हात धरणारा त्या आख्ख्या वागळे इस्टेटमध्ये कुणी नव्हता!

मी अहवाल पत्रिकेसारखा जुळवला. वर 'यांच्या मार्गदर्शनाने' म्हणून निवृत्त संचालक. मग 'निमंत्रक' प्रफुल्ल साहेब, एकटे, जाड अक्षरात, महिरपीत. मग 'विनीत' खात्यांचे प्रमुख, 'स्नेहांकित' ठेकेदार, 'व्यवस्थापक' आमचं ऑफिस, आणि नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी 'किलबिल'. खाली एक ओळ: पी-४१, गर्डर तयार, सह्या बाकी.

सोमवारी पाठवला. बुधवारी साती सह्या झाल्या. प्रफुल्ल साहेबांनी तर अहवालाची प्रिंट काढून केबिनमध्ये लावली. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "मानपाडा रोडला."

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

गुरुवारी खरेदी खात्याचा फोन आला: आमचं एकही नाव नाही, आम्ही काय गर्डर आकाशातून आणले? मी त्यांची सहा नावं घातली. मग सुरक्षा खातं. मग पालिकेकडचे तीन जण, आणि हे तिघे घातले म्हणून उरलेले अकरा. कॅन्टीनवाल्याने माझा चहा बंद केला तेव्हा त्याचंही नाव 'स्नेहांकित'मध्ये गेलं. दुसऱ्या प्रकल्पांवरचे लोक जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभे राहायला लागले. "अरे, आपलं पण बघ ना यार कुठेतरी." एका माणसाने आपल्या सासऱ्यांचं नाव आणलं. ते मी नाकारलं, तर तो मॅडमकडे गेला, आणि मॅडम म्हणाल्या, "घ्या हो, एका नावाने काय होतं."

दोन महिन्यांत अहवाल अकरा पानांचा झाला. दोनशे तेरा नावं. अकराव्या पानाच्या तळाला ती एक ओळ: गर्डर तयार, सह्या झाल्या, पूल बसवणे बाकी.

आणि मग मी ते केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. आयुष्यभर लोकांची नावं जुळवली, पण जुळवणाऱ्याचं नाव पत्रिकेत कधी येत नाही. एका दुपारी वाटलं, आपलंही एक असावं. पानावर एकाच ओळीची जागा होती. मी पुलाची ओळ काढली आणि तिथे 'किलबिल'च्या शेवटी, मधे आईचं नाव घालून, लिहिलं: दिपेश शकू मढवी. पुढच्या आठवड्यात ओळ परत घालू, असं मनाशी म्हणालो. पुढच्या आठवड्यात विसरलो.

सात आठवडे तो अहवाल पन्नासभर माणसांकडे जात होता. पूल त्यात नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. आपापलं नाव जागेवर आहे ना, एवढं प्रत्येकजण पाहत होता. 'बाकी' असं काहीच लिहिलेलं नाही म्हटल्यावर संगणकाने पी-४१ आपणहून हिरवा केला.

मॅडमनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. मला पक्का केल्याचं पत्र मिळालं. प्रफुल्ल साहेब म्हणाले, "आता उद्घाटन. आणि कोनशिलेवर सगळी नावं हवीत. याच क्रमाने."

"साहेब, पूल..." मी म्हणालो.

"हो हो, पूल तर झालाच," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या स्क्रीनमधल्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

बोलायला पाहिजे होतं. पत्र खिशात होतं, मी बोललो नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. कोनशिला कोरून होत आली तेव्हा कुठे मी तानाजींना फोन केला. "तुम्ही गर्डर तरी बसवून टाका!"

"गर्डर?" तानाजी म्हणाले. "ते तर कालच न्हेले. दोनशे चौदा नावं म्हंजे चौदा फूट लांब, चार फूट उंच ग्रॅनाइट. त्याला मागून आधार नको? यार्डात रिकामे कोण पडलेत बघितलं, तर तुमच्या पुलाचे दोन गर्डर. त्येच जोडले."

उद्घाटन शनिवारी सकाळी झालं. नाल्याच्या काठावर मांडव. मांडवात काळीभोर कोनशिला, भिंतीएवढी, नाल्याकडची बाजू पूर्ण झाकून टाकणारी. त्यामुळे मागे पूल आहे की नाही हे कुणाला दिसतच नव्हतं. प्रफुल्ल साहेबांनी पडदा ओढला. टाळ्या. मग सगळे दगडापुढे वाकून आपापलं नाव शोधायला लागले, बोट ठेवून फोटो काढायला लागले. कॅन्टीनवाल्याने बायकोला व्हिडिओ कॉलवर नाव दाखवलं. एकानेही दगडाच्या मागे जाऊन पाहिलं नाही. साडेअकराला सगळे जेवायला गेले.

मी मागे गेलो. आई खांबावर होती.

डोक्यावर भेंडीची पाटी, एक हात पाटीला, मोडून जुळलेला हात हवेत. पाऊल पुढे टाकायचं, थांबायचं, पुन्हा टाकायचं. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तिने मान वळवली असती. ती या काठाला आली, पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि दगडाची पाठ बघून म्हणाली, "यो तुजा पूल काय? उभा का क्येला?"

माझं डोकंच फिरलं. मी मांडवात गेलो. तानाजी एकटेच खुर्च्या मोजत होते आणि कोनशिला उभी करायला आणलेली हायड्रा, ड्रायव्हरसकट, अजून तिथेच होती.

"साहेब, आडवी करा," मी म्हणालो.

"काय?"

"कोनशिला. चौदा फूट आहे. नाला अकरा फूट. गर्डर मागे लावलेलेच आहेत."

तानाजींनी दगडाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी शहाणपणाचं बोलल्यासारखं त्यांचं तोंड झालं. मग सवयीने म्हणाले, "पण सही कोणाची?"

"दोनशे चौदा आहेत की. दगडावर."

वीस मिनिटं लागली. चौदा महिने अधिक माझे पाच महिने, आणि वीस मिनिटं. गर्डर खाली, दगड वर, नावं आभाळाकडे. तानाजींनी दोन्ही टोकांना पाय आपटून पाहिलं, मग मधोमध उभे राहून उडी मारली. हललं नाही.

माझा फोन वाजायला लागला. मॅडम. उचलला नाही. कुणीतरी जेवून परत आलं असणार आणि आपलं नाव जागेवर दिसलं नसणार. सोमवारी ते पत्र खिशात राहणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"चल आई," मी म्हणालो.

ती काठावर आली आणि थांबली. चपला काढल्या, तरी पुढे येईना.

"लोकांची नावा हान. पाय कसा ठेवू?"

"ठेव गं. ते लोक गेले जेवायला."

"नाय रं. कोनाची तरी आई असंल त्यांना पन." तिला वाचता येत नाही. ती अक्षरांवरून नजर फिरवत राहिली. "तुजं कनचं?"

मी बोट दाखवलं. आमच्याच काठाला, अगदी कोपऱ्यात, सगळ्यात खाली.

"यो?"

"हो. आणि कागदावर या जागी आधी पुलाची ओळ होती आई. ती मी काढली. नाव बसत नव्हतं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने भेंडी काठावर ओतली, रिकामी पाटी डोक्यावर घेतली, उजवा पाय नेमका माझ्या नावावर ठेवला आणि जरा दाबून पाहिला.

"माजा पाय लागला तं तुला काय होत नाय," ती म्हणाली. मग बाकीच्यांना नमस्कार करत, एकेक ओळ ओलांडत ती पलीकडे गेली. आणि मळ्यात उतरून, पाठमोरीच, मोठ्याने म्हणाली, "नावा चांगली खोल कोरलीस रं. पाय सटकत नाय."