पहिली फेरी

लिफ्टचं दार सरकलं आणि आतून एक आजी बाहेर आल्या. हातात भाजीची पिशवी, पायात घरातल्या सपाता आणि चेहऱ्यावर सगळं जग आपल्यासाठी ताटकळतंय अशी घाई. समोरून येणाऱ्या मुकादम बाई जिथल्या तिथे थांबल्या. याच लिफ्टची पहिली फेरी मारायला त्या आल्या होत्या, आणि लिफ्ट तर भाजी आणायला लागली होती.

"चालू झाली का हो?" त्यांनी आजींना विचारलं.

"कधीच झाली. अगदी लोण्यासारखी चालतेय," म्हणत आजी फाटकाबाहेर पडल्यासुद्धा.

दाराच्या कडेला बाईंचा दीर चिंधीनं हात पुसत उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो पुसतच होता. मागे भिंतीशी त्याच्यासोबतचा कारागीर लंबू केबलची गुंडाळी करत बसला होता.

"पहिली फेरी कोणी मारली?"

"राहिली," दीर म्हणाला.

"राहिली म्हणजे?"

"आजींना घाई होती. मी म्हटलं, जाऊ दे. काम चोख झालंय."

लंबूचे हात थांबले. मग केबल पुन्हा हळूहळू गोल फिरू लागली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या या टोळीत एक जुना रिवाज होता. दोर बदलला, मोटर खोलली, नुसता ब्रेक घट्ट केला, तरी लिफ्ट लोकांसाठी उघडण्याआधी ज्यानं काम केलं त्यानं तिच्यात चढायचं, आणि मुकादमानं त्याच्या शेजारी उभं राहायचं. आपल्या हातावर आपला जीव टांगून बघायचा, एवढाच त्याचा अर्थ. आधीच्या मुकादमांच्या, म्हणजे उस्तादांच्या काळात हा रिवाज त्यांच्या लहरीवर चाले. मर्जी असली तर चढायचे, नाहीतर खालूनच हात हलवायचे. चुकलेल्याला एखाद्या दिवशी सगळ्यांसमोर सोलून काढायचे, एखाद्या दिवशी चहा पाजायचे. माणसं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची; सकाळी उस्तादांचं तोंड बघून दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधायची.

बाई मुकादम झाल्या आणि टोळीचा हा अंदाज बांधायचा उद्योगच बुडाला. बाई रोज सारख्याच. ओरडणं नाही, लाड नाहीत. पहिली फेरी चुकवली की महिनाभर खड्डा, म्हणजे लिफ्टच्या तळाशी उतरून वंगणाचा चिखल खरवडायचा; आणि त्या वर्षी बढतीसाठी नाव जाणार नाही. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाईंना मूड नाही, मीटर आहे," असं टोळीत म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं, आणि थोडं लागलंही होतं.

"चावी दे," बाई म्हणाल्या. त्यांनी लिफ्ट बंद केली, दारावर पाटी अडकवली आणि दिराला आत घेतलं. जी फेरी राहिली होती ती मारून टाकायची होती.

दार मिटलं, पिंजरा हलला आणि बाई बोलायला लागल्या. बटाटे काय महागलेत, शाळेनं फी वाढवली, तुझ्या दादाला कितीदा सांगितलं तरी गॅलरीतला नळ दुरुस्त करत नाही. एरवी कामावर मोजकं बोलणारी ही बाई पहिल्या फेरीत चढली की तिच्या तोंडाची टकळी थांबत नसे. सोबतच्या माणसाला धीर यावा म्हणून आपण बोलतो, असं त्यांनी स्वतःला समजावलेलं होतं. खरी गोष्ट अशी, की गेल्या वर्षी एका जुन्या इमारतीत त्यांच्यासह पिंजरा घसरला होता. पिंजरा अडवणारी पकड लगेच बसली, कोणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून लिफ्टचं दार मिटलं की बाईंना भीती वाटे. घरी चौथ्या मजल्यावर त्या जिन्यानं जात आणि सासूबाईंना सांगत, गुडघ्यांना व्यायाम हवा. मुकादम लिफ्टला घाबरते हे टोळीला कळलं तर टोळीचा कणाच मोडेल, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

दीर सगळा वेळ खाली मान घालून उभा होता. खाली आल्यावर बाई त्याला म्हणाल्या, "उद्यापासून महिनाभर खड्डा."

"बरं."

"काही सांगायचंय?"

"नाही, बाई."

लंबूनं केबल उचलली आणि तो टेम्पोकडे गेला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना वाचता आलं नाही.

हा दीर म्हणजे नुसता दीर नव्हता. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो दप्तर फरफटत शाळेत जाणारा पोर होता. त्याचे पाढे बाईंनी घेतले, त्याच्या तापात बाई जागल्या, आणि या कामाच्या परीक्षेला त्याला बसवलंही बाईंनीच. पहिल्या दिवशी फाटकात त्यांनी त्याला बजावलं होतं, "आत वहिनी नाही. आत बाई." पठ्ठ्यानं तेही पाळलं. आता तो टोळीतला सगळ्यात तयार हात होता. उपमुकादमाची जागा भरायची होती, नाव पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि ते नाव कोणाचं असणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

बाईंनी लंबूचं नाव पाठवलं.

घरी व्हायचं ते झालं. सासूबाईंनी भाकऱ्या करता करता तवा असा आदळला की शेजारच्यांनी विचारावं.

"लोक नात्यागोत्यातल्यांना वर काढतात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी उलटी गंगा. एक म्हातारी लिफ्टमधून खाली आली, त्यात काय आकाश कोसळलं?"

"कोसळलं नाही, आई."

"मग?"

आकाश कोसळल्यावर नियम लावून काय उपयोग, असं काहीतरी बाईंच्या मनात होतं. पण ते तव्यापुढे टिकलं नसतं. बाईंचा नवरा शांतताप्रिय माणूस. तो आईचं ऐकताना आईकडे बघून मान हलवी आणि बायकोचं ऐकताना बायकोकडे बघून.

दीर मात्र भांडला नाही, तेच जास्त जड गेलं. तो संध्याकाळी बाहेरच खाऊन येऊ लागला. बाई वाढायला उठायच्या आत "भूक नाही" म्हणून खोलीत जाई. ज्या पोराला आपण भरवलं त्यानं आपल्या हातचं ताट नाकारावं, हे बाईंना फार लागलं. कामावर तो पहिल्यासारखाच नीट वागे. खड्ड्यात उतरे, खरवडे, वर येई, "झालं, बाई" म्हणे. बाई "ठीक आहे" म्हणत. संध्याकाळी जिना चढताना त्यांना दर मजल्यावर थांबावं लागे, आणि ते गुडघ्यांमुळे नव्हतं.

लंबूच्या नावाला मंजुरी आली त्या दुपारी बाई एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनघराच्या सावलीत डबा खात होत्या. लंबू आला. तो बाईंहून वयानं मोठा, टोळीत सगळ्यात जुना. वर्षापूर्वी त्यानंही पहिली फेरी चुकवली होती आणि खड्डा भोगला होता. तेव्हापासून तो बाईंशी कामापुरतंच बोले.

"बाई, ते नाव परत घ्या."

"का?"

लंबू उभाच राहिला. इतका उंच माणूस उभा राहिला की बसलेल्याला आपोआप आरोपी झाल्यासारखं वाटतं.

"बसा, लंबूभाऊ."

तो बसला. बोटांनी गच्चीवरचा चुना उकरू लागला.

"तुमच्या दिरानं फेरी चुकवली नव्हती. आजी चढायच्या आधी तो तीनदा वरखाली जाऊन आला. एकटा. मी दारात उभा होतो."

बाईंच्या हातातला घास डब्यात परत गेला.

"मग तो राहिली का म्हणाला?"

"एकटा गेलो म्हणाला असता, तर तुम्ही विचारलं असतं, माझ्यासाठी का थांबला नाहीस." लंबूनं बोटांवरचा चुना झटकला. "आदल्या दिवशी त्या दवाखान्याच्या लिफ्टनं हिसका दिला, आठवतंय? तुम्ही बाहेर येऊन जिन्यावर बसलात आणि बुटाची नाडी बांधत राहिलात. बांधलेलीच होती ती. तो बघत होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, आज वहिनी यायच्या आत उरकू. एक दिवस तरी त्यांना चढायला नको."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाईंनी डबा बाजूला ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला भीती वाटते ते."

"सगळ्या टोळीला माहीत आहे, बाई. तुम्ही आत शिरल्या शिरल्या बटाट्यांवर येता." लंबूला हसू आवरलं नाही, आणि मग तो गंभीर झाला. "उस्ताद ओरडायचे तेव्हा आम्ही कान बंद करायचो. पण तुम्ही एवढ्या घाबरता आणि तरी आमच्या शेजारी येऊन उभ्या राहता. काम करताना मला ते आठवतं. आवळलेला बोल्ट मी पुन्हा आवळतो. सगळेच आवळतात."

बाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी न पुसता तसेच राहू दिले.

"हे तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मला बघायचं होतं." लंबू आता त्यांच्याकडे बघत नव्हता. "माझ्या वेळी बायको दवाखान्यात होती. तुम्ही म्हणालात, घरचं दुःख खरं आहे, पण लिफ्टला ते कळत नाही. म्हटलं, बघू या, दिराच्या वेळी लिफ्टला काय काय कळतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असंच होणार अशी पैज होती माझी मनातल्या मनात."

"आणि?"

"हरलो. पण तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. त्या पोराच्या जागेवर मी कसा बसू?"

बाईंनी डबा बंद केला.

"त्याची जागा नाही ती. तो एकटा गेला तरी नियम मोडलाच. जोडीनं जायचं असतं. शिवाय खोटं बोलला. या वर्षी त्याचं नाव जाणारच नव्हतं. तोंडावर सांगते, लंबूभाऊ, त्याचा हात तुमच्याहून सरस आहे. पण त्याच्यानंतर तुमचाच. हे नाव खैरात नाही. राहू दे."

लंबूनं मान हलवली. दिराचा हात सरस, हे त्यालाही माहीत होतं.

संध्याकाळकडे बाई त्या इमारतीत गेल्या जिथे दीर खड्ड्यात होता. तळमजल्याचं दार उघडं होतं, आत दिवा लावलेला होता आणि खरवडण्याचा आवाज येत होता. दारावर राखण करणाऱ्या माणसाला त्यांनी पाणी प्यायला पाठवलं आणि त्या स्वतः उंबऱ्याशी उकिडव्या बसल्या.

"लंबूभाऊंनी सांगितलं."

खरवडणं थांबलं. "लंबूच्या पोटात काही राहत नाही."

"खोटं का बोललास?"

"मग चार माणसांत काय सांगणार होतो? वहिनींना भीती वाटते म्हणून?" कामाच्या जागी बाईंसमोर त्याच्या तोंडून वहिनी हा शब्द पहिल्यांदाच आला. आला आणि खड्ड्यात घुमला.

"शिक्षा तशीच राहील," बाई म्हणाल्या. "महिना पुरा करावा लागेल."

"मी कुठे माफी मागतोय?"

"मला वाचवायला तू नियम मोडायचा नाहीस. पुन्हा कधीच."

"बरं."

"आणि उद्या सकाळी मी सगळ्यांना सांगणार आहे. मला आत शिरताना भीती वाटते म्हणून."

"सगळ्यांना माहीत आहे, वहिनी."

"असू दे. मी सांगितलेलं नाही ना अजून."

दिव्याच्या उजेडात त्याचं काळं झालेलं तोंड आणि पांढरे डोळे तेवढे दिसत होते. लहानपणी चिखलात खेळून आला की असाच दिसायचा, आणि मार चुकवायला असाच गप्प राहायचा.

"तुझ्यावर रागावले होते," बाई म्हणाल्या. "आणि तू ताट नाकारलंस तेव्हा रडले. दोन्ही सांगून टाकते."

दिरानं नाकाशी हात नेला आणि नाक आणखी काळं केलं.

"मी पण रागावलो होतो. शिक्षेवर नाही. तुम्ही त्या दिवशी मला घेऊन चढलात ना, त्यावर. एवढं करून शेवटी तुम्हाला चढावं लागलंच."

बाई हसल्या. मग त्यांनी हात खाली केला. "चल. वर ये. घरी जेवायला चल. आई थांबल्यात."

"हे कोण म्हणतंय?"

"वहिनी म्हणतेय."

त्यानं त्या हाताकडे बघितलं, मग मनगटावरचं घड्याळ पुसून बघितलं, आणि खरवडणी पुन्हा उचलली.

"येतो. पण सुटी व्हायला अजून अर्धा तास आहे, वहिनी. लवकर निघालेलं आमच्या बाईंना चालत नाही."

खाली खरवडण्याचा आवाज सुरू झाला. बाईंनी हात मागे घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि त्या सुटीची वाट बघत बसल्या.