तेल पिणारी रुई

१९८१च्या फेब्रुवारीत मी हिंगणघाटच्या एका डिझेल डेपोचा इनचार्ज होतो. वय तीस, मूळचा साताऱ्याकडचा, आणि एवढी जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेली. रेल्वेच्या सायडिंगला लागून जमिनीवर तीन टाक्या, एक ऑफिस, भोवती तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे उताराला देवकाबाईंचं दोन एकर वावर होतं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच भाजीपाला काढायच्या आणि हंगामात गावातल्या जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला जायच्या.

एका सकाळी त्या आपल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन ऑफिसात आल्या आणि तो माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, वास घेऊन पाहा."

मी वास घेतला. डिझेलच होतं. पण तोंडातून निघून गेलं, "तुमच्या इंजिनाचं सांडलं असेल."

"आमची मोटर करंटवर चालते. डिझेल कुठून येईन?"

बाई भांडल्या नाहीत. "चार घरं त्याच हिरीचं पाणी पेतात, सायेब. तुमी पाहा, मंग सांगा," एवढं म्हणून गेल्या.

डेपोत टाक्यांतल्या तेलाची पातळी मोजायचं काम तानबाकडे होतं. वीस वर्षांचा अनुभव. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन नंबरच्या टाकीतलं तेल हिशोबात कमी भरते सायेब. मी आधीच्या सायबाले सांगतलं होतं. ते म्हणे, उन्हानं उडून जाते."

आम्ही दोन नंबरमधून तेल देणं बंद केलं आणि दोन दिवस टाकीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तानबानं मोजपट्टी सोडली, तर पातळी चार बोटं खाली. जमिनीखालच्या पाइपावर खोदायला घेतलं. हातभर खोलीवर माती काळीकुट्ट, चिकट लागली, आणि त्याखाली गंजलेला सांधा.

मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, पाइप बदला, विहिरीबद्दल लेखी काही पाठवू नका. लेखी पाठवलं तर नोकरी जाईल अशी भीती होती. घरी सहा महिन्यांची मुलगी होती. तरी संध्याकाळी मी सगळं लिहून पाठवलं आणि देवकाबाईंच्या दारात जाऊन सांगितलं, "बाई, चूक आमची आहे. ते पाणी कोणी पिऊ नका."

दुसऱ्या दिवशी गेटवर पंधरा-वीस माणसं जमली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या तोंडात शिव्या. मी बाहेर आलो तेव्हा देवकाबाई माझ्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"या सायबानं आपणहून येऊन सांगतलं. त्यायले मारून हीर साफ होते काय?"

माणसं लगेच गेली नाहीत. पण काठ्या खाली आल्या.

मग काम सुरू झालं. वस्तीसाठी रोज पाण्याचा टँकर. तेल प्यालेली माती खोदून डेपोमागच्या फरशीवर पसरली, तिच्यात शेणखत घातलं. मजूर दर आठवड्याला ती खाली-वर करायचे. कुंपणालगत खोल चर खणला, म्हणजे उताराकडे निघालेलं तेल तिथेच अडावं. हे सगळं नागपूरच्या एका अभियंत्यानं सांगितलेलं. विहिरीचं मात्र जमेना. पाण्यावर बोटभर जाड थर होता. बादली सोडली की बादलीत पाणीच जास्त यायचं, आणि ढवळल्यानं थर फुटून आणखी पसरायचा.

आठवडाभर देवकाबाई काठावर उभ्या राहून हे बघत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "रुई टाकून पाहा ना सायेब. कच्ची रुई. ते पाण्यात लवकर बुडत नाई, पण तेल पेते. जिनात मशीनखाली तेल सांडलं का आमी रुईनंच टिपतो."

जिनिंगमधली झाडलोटीची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, त्यांनीच मिळवून आणली. जुन्या मच्छरदाणीत तिचं गाठोडं बांधून दोरानं खाली सोडलं. अर्ध्या तासानं वर ओढलं तेव्हा ते काळपट, जड झालेलं. पिंपावर धरून पिळलं. धार लागली, आणि पाणी त्यात नावापुरतंच! तानबा एवढा हसला, की मीही हसू लागलो. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

असं आम्ही सात महिने केलं. विहिरीवर बिडी पेटवायची नाही, हा देवकाबाईंचा हुकूम होता आणि तो माझ्या हुकमापेक्षा जास्त पाळला जायचा.

मधेच माझी चौकशी लागली. मुख्य कार्यालयातून आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, वरिष्ठांना डावलून गावकऱ्यांना का सांगितलं? मी काही बोलायच्या आत दार ढकलून देवकाबाई आत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"नसतं सांगतलं तर आमची लेकरं तेच पाणी पेली असती. यायले काऊन विचारता? ज्यानं लपवलं त्याले विचारा."

अधिकाऱ्यानं पुढ्यातली फाइल मिटली. मग त्यानं विहीर दाखवायला सांगितलं. काठावर बसून त्यानं एक गाठोडं स्वतः ओढलं. माझी नोकरी राहिली.

वरचा थर गेला तरी पाणी शुद्ध व्हायला वेळ लागला. दिवसाआड उपसा करायचा आणि चरातलं तेल काढत राहायचं. ८३च्या हिवाळ्यात प्रयोगशाळेनं पाणी शेतीला चालेल म्हणून कळवलं, पिण्याला आणखी वर्षभरानं. त्या दिवशी टँकर बंद केला.

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. मी निरोप घ्यायला वावरात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण ते सगळं बाजूला राहिलं. एवढंच म्हणालो, "बाई, तुम्ही नसता तर मी आज कुठे असतो कोण जाणे."

देवकाबाई पाणी वळवत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुमी होते म्हणून आमीबी हावो, सायेब. घरच्यायले नमस्कार सांगजा." मग माझ्या पायांकडे बघून घाईनं म्हणाल्या, "बाजूनं, बाजूनं! मेथी टाकली हाये तिथं."

मी बांधावरून गेलो.